काकूच्या अंगणातले बेस

"बाई, एक गोठ सांगा मले. आवाजाले खोक्यातून भायेर पडाचं हाये, तं सरळ पडाव ना! हा पोट्टा त्याले आतमंधी इतले वळसे काहून देऊन रायला?"

कुडाच्या पलीकडून काकू विचारत होत्या. आमच्या दोन घरांमधला तुराट्यांचा कूड दरसाल नवा होतो, पण विहिरीकडचा कोपरा आम्ही मुद्दाम बुटका ठेवतो. कौंडण्यपुरातली बातमी आधी त्या कोपऱ्यावर येते, मग पानठेल्यावर जाते. सध्याची बातमी काकूंच्या स्वतःच्याच अंगणातली. त्यांच्या पुतण्यानं लग्नसराईसाठी साऊंडचा धंदा धरला आणि तयार बेस, म्हणजे खालच्या ठोक्याचे स्पीकरचे खोके, विकत आणायच्या ऐवजी नकाशावरून चार हॉर्न बेस घरीच बांधायला घेतले. अंगणभर प्लायच्या पाट्या, फेविकॉलचे डबे, आणि भुसा. वाऱ्यानं भुसा जातो कुठे? काकूंच्या कुरड्यांवर.

"कुरड्या गेल्या तं गेल्या," काकू म्हणाल्या, "पन एका बेसाले त्यानं किती तुकडे कापले, पाहा ना! खालच्या आळीतल्या डीजेवाल्याचा बेस तं सुतारानं एका दिवसात ठोकला व्हता."

म्हटलं, ठोकला होता, आणि वाजतोही ठोकल्यासारखाच.

काकू हसल्या, पण प्रश्न सोडला नाही. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, त्यामुळे गावात कुठलंही यंत्र बिघडलं की कारण मला विचारायचं आणि दुरुस्तीला दुसऱ्याकडे न्यायचं, अशी पद्धत पडली आहे. मी त्यांना उलट विचारलं, "काकू, वावरात गडी लांब असला की हाक कशी मारता?"

"कशी म्हंजे? दोनी हात तोंडाशी धरून."

"त्यानं तुमच्या घशात जास्त जोर येतो का?"

"नाई ना. जोर तितलाच. पन आवाज जाते."

एवढंच हॉर्नचं शास्त्र. स्पीकरचा पडदा, ज्याला हे लोक कोन म्हणतात, तो मागेपुढे हलतो. पण हवा फार हलकी. मंद ठोक्याच्या वेळी ती पडद्यापुढून नुसती बाजूला सरकते, दाबली जातच नाही. म्हणून साध्या खोक्यात बसवलेला स्पीकर अ‍ॅम्प्लिफायरकडून शंभर वॅट घेतो आणि त्यातले जेमतेम एक-दोन वॅट आवाजाच्या रूपानं देतो. बाकी सगळे पडद्यामागची तारेची कॉइल तापवण्यात जातात. हॉर्नमध्ये पडद्यापुढे आधी एक अरुंद घसा ठेवतात. तिथं हवा कोंडते, पडद्याला ढकलायला काही तरी हाती लागतं. पुढे तो मार्ग थोडा थोडा रुंद होत बाहेर उघडतो. मग त्याच शंभर वॅटांतले दहा-वीस, हॉर्न नीट जमला तर आणखीही, आवाज होऊन बाहेर पडतात.

"हे समजलं. पन वळसे?"

वळसे जागेपायी. डीजेच्या गाण्यातला सगळ्यात खालचा ठोका 40 ते 60 हर्ट्झच्या आसपास असतो. 40 हर्ट्झची एक लाट हवेत 8.6 मीटर, म्हणजे 28 फूट लांब. तिला धरायचं तर हॉर्नचा मार्ग निदान तिच्या चौथाईइतका, सव्वादोन मीटरच्या जवळपास हवा. हे सोपं. अवघड आहे ते तोंड. तोंडाचा घेर जवळजवळ पूर्ण लाटेएवढा पाहिजे. गोल तोंड धरलं तर आडवं माप नऊ फूट भरतं. सात फूट लांब आणि नऊ फूट तोंडाचा कर्णा आपल्या अंगणात मावला, तरी फाटकातून बाहेर कसा न्यायचा आणि कोणत्या गाडीत घालायचा? म्हणून मार्ग दुमडून खोक्यात बसवतात. आपल्या देवळावरचा भोंगा आतून असाच दुमडलेला असतो. आवाज आधी पुढे, मग मागे, मग पुन्हा पुढे येतो. फक्त भोंग्याचं तोंड लहान, म्हणून त्यातून कीर्तनकाराचे शब्द लांब जातात आणि मृदंगाची धुम मात्र जात नाही.

"अन् नऊ फुटाचं तोंड? तेबी दुमडलं काय?"

काकूंना शाळेत पाठवायला हवं होतं, असं मला दरवेळी वाटतं. तोंड दुमडता येत नाही, पण उसनं घेता येतं. हॉर्न जमिनीवर ठेवला की जमीन अर्धं तोंड भरून देते. मागे भिंत मिळाली की उरलेल्यातलंही अर्धंच लागतं. कोपरा मिळाला तर त्याच्याही अर्ध्यावर भागतं. अमेरिकेतल्या पॉल क्लिप्श नावाच्या माणसानं यावरच आख्खा स्पीकर काढला. खोलीच्या कोपऱ्यात ठेवायचा, म्हणजे दोन भिंती आणि फरशी हेच हॉर्नचं पुढचं टोक. दुसऱ्या महायुद्धात तो आर्कान्सा राज्यातल्या होप नावाच्या गावी दारूगोळ्याच्या चाचणीच्या तळावर नोकरीला होता. युद्ध संपल्यावर 1946 साली तिथंच, एका टिनाच्या शेडमध्ये, त्यानं कंपनी उघडली.

"आपल्यासारखाच म्हना. टिनात," काकू म्हणाल्या.

वरातीत कोपरा कुठला? तिथं दुसरा उपाय. चार बेस एकाला एक चिकटवून रचायचे, म्हणजे चारही तोंडांचं मिळून एक मोठं तोंड होतं. एकटा हॉर्न बेस वाजवला तर खालचा ठोका येतच नाही, नुसती कोरडी थाप येते. पाहणारा म्हणतो, एवढी मेहनत करून हेच का! चार एकत्र लागले की तोच बेस ओळखू येत नाही. पोट्ट्यानं पहिला बेस पूर्ण केला तेव्हा गावानं असंच नाक मुरडलं होतं. खालच्या आळीतला डीजेवाला तर म्हणे पानठेल्यावर त्याची नक्कल करून दाखवत होता.

आता या डीजेवाल्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गाव लहान आहे, म्हणून नाव घेत नाही. एका लग्नात त्यानं आर्वीकडच्या कुठल्याशा पार्टीचा बेस ऐकला. आवडला. जेवणावळी उठल्यावर टेप घेऊन गेला आणि बाहेरून लांबी-रुंदी-उंची मोजून आणली. सुताराला म्हणाला, अस्संच खोकं कर. सुतारानं केलं. रंग तोच, जाळी तीच, कोपऱ्यांना तसेच लोखंडी कोन. वर स्टिकर चिकटवलं, 5000 वॅट. आत काय होतं? एक आडवी पट्टी आणि एक वासा. घसा नाही, पडद्याच्या मागे हवा कोंडणारी बंद खोली नाही, मार्गाचा पत्ता नाही. वाजवला की भद्द भद्द करतो आणि दर हंगामात कॉइल जळते. मग तो कॉइलला शिव्या घालतो.

वॅटच्या थापांवर क्लिप्शचा उपाय मला फार आवडतो. तो कोटाच्या आत एक पिवळा बिल्ला लावायचा, त्यावर थापाड्याला हाणायची एक इरसाल शिवी छापलेली. समोरचा फुगवून सांगू लागला की हा कोटाची बाजू उचलून बिल्ला दाखवायचा. लग्नसराईत आमच्या तालुक्याला असे बिल्ले पोत्यानं लागतील.

तर नकाशा. लोकांना वाटतं नकाशा मिळाला की काम झालं. जगात नकाशांना तोटा नाही. इंग्लंडातल्या रॉग मोगेलनं 18 इंची स्पीकरसाठी काढलेला '1850' हॉर्न देशोदेशीच्या पोरांनी आपापल्या सुताराकडून करून घेतला. अमेरिकेत बिल फिट्झमॉरिस तर घरी बांधायच्या हॉर्नचे नकाशेच विकतो. हॉर्नचं गणित करायला 'हॉर्नरेस्प' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते केलं डेव्हिड मॅकबीन या ऑस्ट्रेलियन माणसानं. या विषयात ऑस्ट्रेलियाला काय हौस आहे कोण जाणे, पण कुठला स्पीकर कुठल्या खोक्यात चालेल हे आकड्यांत बसवण्याचं कामही तिकडेच झालं. नेव्हिल थीलनं 1961 साली पाया घातला आणि रिचर्ड स्मॉलनं सिडनीच्या विद्यापीठात ते पुढे नेलं. आज चांगल्या स्पीकरबरोबर जो आकड्यांचा कागद येतो, तो या दोघांच्या नावानं ओळखला जातो. आपल्याकडे तो कागद पुठ्ठ्याबरोबर उकिरड्यावर जातो आणि स्पीकर चुंबकाच्या वजनावरून निवडतात.

पोट्ट्यानं कागद जपून ठेवला होता. मला वाचायला आणून दिला, म्हणाला, "मावशी, याच्यात लिवलेलं समजावून सांगा." मी म्हटलं, आधी चहा घे. दोघं मिळून रात्री बसलो. नकाशा ज्या जातीच्या स्पीकरसाठी काढला आहे त्याच्या जवळचे आकडे असतील तर चालेल, नाही तर हॉर्न कितीही नीट कापा, व्यर्थ. एवढं त्याला पटलं आणि त्यानं आधी ठरवलेला स्वस्तातला स्पीकर सोडून दिला. काकूंना हे अजून ठाऊक नाही. काकांनी दिलेल्या पैशांतला फरक कुठून भरला, तेही नाही. कुडावर सगळंच बोलायचं नसतं.

खरी मारामारी झाली मापांवर. नकाशा इंचांतला, पाऊण इंची प्लायसाठी काढलेला. पाऊण इंच म्हणजे 19 मिलिमीटर. आपल्याकडे 18 मिळतो, आणि कॅलिपर लावून पाहिला तर कधी तो 17 भरतो. एका पाटीला एक मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. पण दुमडलेल्या मार्गात पाटीला पाटी लागत जाते, फरक साठत जातो, आणि शेवटची तिरकी पाटी बसवायला जावं तर तिच्या दोन्ही बाजूंनी उजेड दिसतो. वर करवतीच्या पात्याची जाडी. पातं 3 मिलिमीटर लाकूड खाऊन टाकतं. 8 बाय 4 फुटांच्या एका शीटमधून सगळे तुकडे कागदावर बरोबर निघतात; प्रत्येक कापाला ते 3 मिलिमीटर धरले नाहीत, तर शेवटचा तुकडा लहान पडतो.

"अन् त्याच्यातच सुतारबुवा रुसले," काकूंनी पुरवणी जोडली.

रुसणारच. सुतारबुवा सुतात मोजतात. इंचाचे आठ भाग, एक भाग म्हणजे एक सूत, म्हणजे पुन्हा तेच 3 मिलिमीटर. दाराच्या चौकटीला सूतभर इकडेतिकडे झालं तर रंधा आहे, पुट्टी आहे. पोरगा म्हणतो अर्धा मिलिमीटर. बुवा म्हणतात, "पोट्ट्या, लाकूड हाये हे, सोनं नाई." तीन दिवस बोलणं बंद. मग पोरगा त्यांच्या घरी गेला आणि पुठ्ठ्याचा लहानसा बेस करून दाखवला, एका बाजूची भिंत काढलेली, आतला रस्ता उघडा. बुवांनी तो हातात घेऊन फिरवला, बोटानं घशापासून तोंडापर्यंत रस्ता काढला आणि विचारलं, "इथी कोपरा घासून गोल करू काय?" त्यानंतर पोट्ट्यापेक्षा बुवाच जास्त काटेकोर झाले. तिरक्या कापासाठी गुण्या पुरेना, तर त्यांनी प्रत्येक कोनाचा लाकडी साचा केला आणि चारही बेसांचे सारखे तुकडे त्याच साच्यावर कापले. गावात कुणालाच ठाऊक नसलेला सुतारबुवांचा हा गुण या निमित्तानं बाहेर आला. दारं-खिडक्या करण्यात माणूस वाया जात होता.

प्लायवरूनही वाद झालाच. कमर्शियल प्लाय स्वस्त, मरीन महाग. मरीनच्या शीटवर आय.एस. 710 असा छाप असतो, तो पाहूनच घ्यावा. बेस मे महिन्यात उन्हात उभा राहणार आणि गणपतीत पावसात; कमर्शियल प्लायचे थर दोन पावसाळ्यांत फुलतात. पण 18 मिलिमीटरचं एक शीटच पस्तीस-चाळीस किलो भरतं, आणि असा बेस स्पीकरसकट उचलायला चार पोरं लागतात. फिट्झमॉरिसचं म्हणणं वेगळं. अर्ध्या इंचाचा पातळ प्लाय घ्या आणि आतून आडव्या पट्ट्या भरपूर मारा. ताठपणा पट्ट्यांतून येतो, जाडीतून नाही. मला ते पटतं. सुतारबुवांना पटलं नाही. बुवांनी प्लायवर बोटं वाजवून पाहिली आणि जाडच घेतला. काकूंच्या अंगणात बुवांचं चालतं.

जोडणीची रात्र पाहण्यासारखी होती. स्क्रू फक्त फेविकॉल वाळेपर्यंत धरून ठेवायला, खरी पकड डिंकाची. एकही फट राहता कामा नये. मागच्या बंद खोलीतून सुईच्या टोकाएवढी हवा निसटली तरी फुस्स फुस्स आवाज येतो आणि दाब जातो. पोरगा फट शोधायला काय करतो? मंद ठोका लावून देतो आणि प्रत्येक सांध्याजवळून पेटती उदबत्ती फिरवतो. जिथं धूर थरथरतो तिथं फट. काकूंनी देवघरातला आख्खा पुडा दिला.

"म्या म्हनलं, लेका, देवापुढे कधी इतल्या भक्तीनं ओवाळलं नाई तुनं."

चारही बेस जुळून झाल्यावर बापू आले. काकूंचे दीर. दरवर्षी रुक्मिणीच्या पालखीबरोबर कौंडण्यपूर ते पंढरपूर पायी जातात. चारशेहून जास्त वर्षांची पालखी आमची, माहेरची म्हणून तिकडे तिचा मान. बापूंना डीजे म्हटलं की तिडीक येते. कुडाला हात टेकवून त्यांनी सुरुवात केली.

"भीमक राजाची राजधानी ही. रुक्मिणीमायनं इथून द्वारकेले निरोप धाडला, तो चिठ्ठीनं. गुपचूप. देव इतल्या दुरून आला अन् अंबिकेच्या देवळातून घेऊन गेला, कोनाले पत्ता नाई. तवा डीजे असता तं रुक्मीनं वाटेतच गाठलं असतं!"

"बापू, रुक्मीनं गाठलंच होतं," मी म्हटलं.

"गाठलं, पन मांगून. डीजे असता तं अंदाधीच गाठलं असतं."

बापूंशी वाद नाही. पण पुढे त्यांनी जे काढलं त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणाले, गुरुकुंज मोझरी इथून हाकेच्या अंतरावर. तुकडोजी महाराज खंजिरीवर अख्खी सभा हलवायचे. आणि पुण्यतिथीला 4 वाजून 58 मिनिटांनी तिथं हजारो माणसं मौन उभी राहतात. "त्याच तालुक्यात तुमचा पोट्टा काकूच्या मांडनीवरचे पेले हालवते."

हे मात्र खरं. आदल्या संध्याकाळी चारही बेस पहिल्यांदा एकत्र लागले होते. पोरानं खालून वर एकेक सूर सरकवत नेला. एका ठिकाणी काकूंच्या मांडणीवरचे स्टीलचे पेले गाऊ लागले, थोडं वर गेल्यावर माझ्या पडवीचे टिन, आणखी वर गेल्यावर खिडकीची काच. प्रत्येक वस्तूचा आपला एक ठोका असतो, तो आला की ती थांबत नाही. 1974 साली 'अर्थक्वेक' नावाचा भूकंपाचा इंग्रजी सिनेमा आला होता. त्यासाठी थिएटरांत असेच मोठाले हॉर्न बेस बसवले होते, आणि हॉलिवूडच्या चायनीज थिएटरात तर छताचा गिलावा लोकांच्या डोक्यावर पडू नये म्हणून खाली जाळी बांधावी लागली. मी हे सांगितलं तेव्हा काकूंनी वर पाहिलं. मातीच्या घराला गिलावाच असतो, दुसरं काय असतं?

"कायद्यात किती चालते, बाई?" बापूंनी विचारलं.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 45. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद; सरकार सणावारासाठी वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. एवढं सगळ्यांना तोंडपाठ आहे, मोडणाऱ्यांना तर जास्तच. पण यात एक गोम आहे, ती बेसवाल्यांनाही ठाऊक नसते. हे डेसिबल माणसाच्या कानाला जसं ऐकू येतं त्या हिशेबानं मोजतात. कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, म्हणून मीटरही ते कमी धरतो. 50 हर्ट्झच्या सुराला तो तब्बल 30 डेसिबल वजा करतो. समजा, चार बेसांपुढे एका मीटरवर 130 डेसिबल आवाज आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की 6 डेसिबल कमी होतात. म्हणजे 64 मीटरवर, चार-पाच घरं सोडून, 94 उरतात. मीटर मात्र दाखवणार 64. टिनाला मीटरचा हिशेब शिकवलेला नाही. ते पूर्ण 94 घेतं. म्हणून तक्रार करणारी म्हातारी सांगते, घर हादरतं, आणि मीटर घेऊन आलेला माणूस म्हणतो, एवढं काही नाही बुवा. दोघंही खरं बोलत असतात.

बापू बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मंजे मीटर पाहून बेस लावाचाच नाई."

"नाहीच. मांडणी पाहून लावायचा."

शिवाय आपलं गाव वर्धेच्या काठावर. थंडीच्या रात्री नदीवरची हवा खाली गार आणि वर जराशी ऊबदार होते, तेव्हा वर चाललेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. कार्तिकातल्या यात्रेत पलीकडच्या काठावरचं भजन आपल्या अंगणात शब्दन्‌शब्द ऐकू येतं, ते त्यामुळेच. मग आपला बेस त्यांच्या अंगणात जाणार नाही का? नदी म्हणजे कूड नव्हे. उन्हाळ्यात गंमत उलटी. दुपारी 45 अंशात जमीन तापली की आवाज वर वळून निघून जातो, समोर उभा असलेला माणूस म्हणतो आणखी वाढव. तिथं पोरं वाढवत नेतात आणि संध्याकाळी तीच खुंटी तशीच ठेवतात. शिवाय तापलेल्या हवेत आवाज जास्त वेगानं धावतो, म्हणून तीच 40 हर्ट्झची लाट मेमध्ये 8.9 मीटरची होते आणि हॉर्न किंचित वरच्या सुरावर सरकतो. हे मी पोट्ट्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "मावशी, आता उन्हाळ्याचा नकाशा वेगळा काढू काय?" पोरगा टिंगल करत होता की खरंच विचारत होता, मला कळलं नाही.

त्याची पहिली सुपारी तिवशाकडच्या एका लग्नाची होती. भांडण तिथंही झालंच. वरपित्याला बेस दोन इकडे, दोन तिकडे पाहिजे. मांडवाला शोभा आली पाहिजे. पोरगा म्हणाला, चारही एकत्र, नाही तर मी गाडी वळवतो. का, तर वेगळे केले की तोंडं तुटतात, खालचा ठोका जातो, आणि दोन्हीकडून आलेले आवाज मांडवात कुठं एकमेकांवर चढतात तर कुठं एकमेकांना मारतात. नवरदेवाच्या मामाच्या खुर्चीवर कानठळ्या आणि शेजारच्या आत्याच्या खुर्चीवर काहीच नाही. वरपिता म्हणे आधी भडकला. वरात निघाली, संदलचा ठेका लागला, आणि तोच पहिला नाचला. अ‍ॅम्प्लिफायरची खुंटी अर्ध्यावरही गेली नव्हती, जनरेटरचं डिझेल उरलं. खालच्या आळीतला डीजेवाला त्या लग्नात पाहुणा म्हणून होता. जेवण झाल्यावर तो बेसांच्या मागे उभा दिसला. खिशात टेप.

"मोजू दे त्याले," काकू म्हणाल्या. "भायेरूनच मोजन ना!"

मला यात पोट्ट्याचं कौतुक कशाचं आहे, तर एका बटणाचं. हॉर्नच्या आवाक्याखालचा सूर आला की कोंडलेली हवा पडद्याला आधार देणं सोडते. पडदा मोकळा सुटतो, कॉइल बाहेर येऊन आपटते, दोन गाण्यांत कोन फाटतो. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी एक फिल्टर लावून 35-40 हर्ट्झच्या खालचं सगळं छाटून टाकायचं असतं. त्यानं आवाज थोडा कमी भासतो, म्हणून बहुतेक जण तो बंद ठेवतात. यानं तो चालू करून त्याच्या बटणावर टेप चिकटवली आहे, मित्रांचा हात लागू नये म्हणून. धंद्यात नवा असून एवढं आवरणं सोपं नाही.

तुमच्या गावात कुणी पोरगा असे बेस बांधायला निघाला असेल, तर त्याला दोन गोष्टी सांगा. नकाशात स्वतःची अक्कल मिसळू नको. बदल करायचा तर आधी हॉर्नरेस्पमध्ये करून बघ, मग प्लायला हात लाव. आणि पहिली चाचणी भर दुपारी कर, आवाज चालू ठेवून शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहा. आमच्या पोट्ट्याला आता आणखी चार बांधायचे आहेत, आठ झाले की अमरावतीची सुपारी मिळेल म्हणतो. बापूंनी काही न बोलता पाठ फिरवली. काकूंनी मांडणीवरचे पेले उतरवून टोपलीत ठेवले, कुरड्यांवरचा भुसा झटकला आणि निकाल देऊन टाकला, "चार पुरे. पाचव्याचा प्लाय अंगनात आला, तं म्या चुलीत घालतो."